वाटेत दिलेले मासे

"सव्वीस," लोसालिनी पुटपुटली. तिसऱ्यांदा हिशेब केला तरी सरासरी सव्वीस सेंटिमीटरच आली. तीन महिन्यांत धक्क्यावर उतरलेला एकूण एक मासा तिनं स्वतः फळीवर ठेवून मोजला होता. सरासरी तिसाच्या खाली गेली तर किनाऱ्याभोवतीच्या प्रवाळाच्या बांधाच्या आतलं उथळ पाणी मासेमारीला तीन वर्षं बंद, असं गावानं आधीच ठरवलं होतं. मासे लहान मिळायला लागले म्हणजे मोठे संपत आले. हे गणित राजधानीतल्या, सुवाच्या कॉलेजातून शिकून येऊन तिनंच गावाला समजावलं होतं, आणि आता तेच तिच्या मामाच्या मुळावर आलं होतं.

मामा विलिकेसा एकाहत्तर वर्षांचा. आतलं पाणी बंद झालं तर त्याला त्या एवढ्याशा होडीतून बाहेरच्या खोल समुद्रात जावं लागणार. तिथून चांगली तरणीताठी माणसंही परत आली नव्हती. निर्णयाची गावसभा उद्यावर आली होती.

"किती वेळ ती वही उबवत बसणारेस?" मामा म्हणाला. "चल गं पोरी, एकदा माझ्या होडीत तरी बस."

ती बसली. दुपारचं पाणी इतकं निवळ, की होडी हवेतच तरंगतेय असं वाटावं. खाली प्रवाळाची झाडं हलल्यासारखी दिसत होती. उन्हानं डोळे जड झाले होते. मामा गळ सोडून कसलीशी जुनी चाल गुणगुणत होता आणि मासे सावकाश, आपण होऊन आल्यासारखे वर येत होते. पहिल्याला तिनं सवयीनं टेप लावला. एक्केचाळीस! मग तिला मोजायचं भानच राहिलं नाही. एवढे मोठे मासे तिच्या वहीत कधी आलेच नव्हते. आपण झोपेत तर नाही ना, म्हणून तिनं तोंडावर पाणी मारून घेतलं.

परतताना मामानं होडी थेट धक्क्याला लावलीच नाही. टोकावरच्या खडकावर तराइविनी म्हातारी बसली होती. "विलिकेसा, आहे का रे काही?" तिनं विचारलं. मामानं तो एक्केचाळीसचा मासा उचलून तिच्या टोपलीत टाकला. पुढे पाद्रीबाबांची बायको उभी होती, तिला दोन. त्यापुढे एक बाळंतीण, तिला तीन. धक्क्यावरच्या फळीपाशी पोचेपर्यंत होडीत चारच मासे उरले, तेही वीतभर.

लोसालिनी त्या चार माशांकडे बघतच राहिली. समुद्रात काय आहे ते तिनं मोजलंच नव्हतं. मामाच्या हातात काय उरतं, तेवढंच मोजलं होतं.

"मामा, सगळ्याच होड्या असं करतात?"

"मग! मागितल्यावर नाही म्हणायचं?"

"अरे देवा! मला सांगितलं का नाहीस?"

"दिलेला मासा मोजायचा असतो होय?" मामा चिडला. "उद्या सभेत उभा राहून कुणाला काय दिलं ते सांगत बसू? त्यापेक्षा मी बाहेरच्या समुद्रात जाईन."

आणि तो गेलाही असता. ती त्याला ओळखून होती.

दुसऱ्या दिवशी सभाघरात यांगोनाची, मुळी कुटून केलेल्या पेयाची, वाटी फिरली, रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजल्या. पाणी बंद करा म्हणणाऱ्यांत सकियासा सगळ्यांच्या पुढे होता. होडीच्या एका इंजिनावरून त्याचं मामाशी वाजलं होतं, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

लोसालिनी उभी राहिली. "माझी वही अपुरी आहे. देणाऱ्यांना मी काही विचारत नाही. या तीन महिन्यांत ज्यांना वाटेत मासा मिळाला, त्यांनी तो केवढा होता ते हातांनी दाखवा."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग तराइविनी कशीबशी उठली आणि तिनं दोन्ही हात पसरले.

"आता म्हातारीच्या हातांवर गाव चालवायचं का?" सकियासा हसला. "अगं, खाल्लेला मासा पोटात गेला की वाढतो."

लोसालिनीनं टेप लावला. चाळीस. "काल मी होडीत मोजला तेव्हा एक्केचाळीस होता, काका. हा तर पोटात जाऊन घटलाय."

सभा खदखदून हसली आणि भराभर हात पसरले गेले. सगळं सभाघर न दिसणाऱ्या माशांनी भरून गेलं. लोसालिनी त्यांच्यातून पोहल्यासारखी हिंडली, टेप लावत, किती वेळा मिळाला ते विचारत, लिहीत. किती छान वाटत होतं तिला! मग तिनं बसून बेरीज केली, भागाकार केला.

एकोणतीस पूर्णांक नऊ.

पुन्हा केला. एकोणतीस पूर्णांक नऊच.

सकियासानं मान लांब करून वहीत पाहिलं. "तिसाच्या खाली म्हणजे खाली. तूच शिकवलंस ना?"

मामानं नुसती मान हलवली. बाहेरच्या समुद्रासाठी होडीची कुठली फळी आधी बदलायची, याचा तो विचार करत असावा.

तेवढ्यात सकियासाची बायको असेनाथा हातातला पंखा खाली ठेवून उठली. कुणाकडेही न बघता तिनं हात पसरले. टेप अठ्ठेचाळीसवर थांबला.

"दर शनिवारी एक," ती म्हणाली. "एकही शनिवार चुकलेला नाही."

तीन महिन्यांचे तेरा शनिवार, तेरा मासे. लोसालिनीची पेन्सिल धावली आणि आकडा तिसाच्या पुढे गेला.

"तो कसा धरता येईल?" सकियासा गोंधळून म्हणाला. "शनिवारचा मासा तर पलीकडच्या बेटावरून तुझा भाऊ पाठवतो."

"विलिकेसा मागच्या दारी ठेवून जातो," असेनाथा म्हणाली. "भावाचं नाव सांगितलं नसतं, तर तुमच्या घशाखाली उतरला असता का?"