दोन उन्हं

"भिकार बॅटरी दिलीस! आत्ताच्या आत्ता येऊन बदलून दे!" लाइनमन म्हणून तीस वर्षं खांब चढलेले त्र्यंबकराव फोनवर दुकानदाराला झापत होते. जुन्या टेम्पोचं फिरतं घर केल्यावर चार महिने सात दुकानदारांचं डोकं खाऊन त्यांनीच ही बॅटरी निवडली होती. आणि पहिल्याच सहलीत, सोलापूरच्या रणरणत्या उन्हात, तिसऱ्या दिवशी पंखा बंद!

"काका, टपावरच्या सोलर पॅनेलवर सावली तर येत नाही ना?"

"मला वीज शिकवतोस?" असं खेकसून ते फोनसकट शिडी चढले.

पॅनेलवर त्यांचीच धुतलेली लुंगी अंथरली होती आणि लुंगीवर मुगाचे सांडगे ओळीनं ऊन खात बसले होते.

"अहो, हात लावू नका!" खालून कुंदाताई ओरडल्या. "अशी तापलेली, सपाट जागा मिळते का कुठं? अजून दोन उन्हं लागतील त्यांना."

"काका, नवी बॅटरी घेऊन निघू का?" फोनमधून दुकानदारानं विचारलं.

त्र्यंबकरावांनी एक सांडगा दाताखाली दाबला. मधे ओला लागला.

"राहू दे," ते मोठ्या मनानं म्हणाले. "तुझ्या बॅटरीला अजून दोन उन्हं दाखवून बघतो."