रेफरीसाठी टाळ्या

टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे फादरनी दुसऱ्यांदा सांगितलं तरी ती खुर्चीवरून उठली नाही.

फादरनी न चिडता पुन्हा समजावलं. शवपेटी आत आली की सगळ्यांनी उभं राहायचं. पेटीवर पांढरं वस्त्र घालायचं, पवित्र पाणी शिंपडायचं, धूप द्यायचा, मान लववायची. गेलेल्या माणसाला चर्चमध्ये मान देतात तो असा. टाळ्या नाटकाला. कुणाचं आयुष्य कसं झालं ते बघायला वर एकजण बसलाय, आपण निकाल द्यायचा नाही.

"निकाल देण्यातच ह्यांचा जन्म गेला, फादर," ती म्हणाली. "आणि दर वेळी शिव्या खाल्ल्या."

तिचा नवरा फुटबॉलचा रेफरी. पोटापाण्याला पाणीपुरवठा खात्यात नोकरी होती, पण रविवार शिट्टीचा. लग्नानंतर ती एकदाच मैदानावर गेली होती. एका पेनल्टीवरून लोकांनी सासूबाईंचा असा काही उद्धार केला, की ती मध्यंतरातच घरी निघून आली.

त्या संध्याकाळी जेवताना तो काही बोलला नाही. तिनेही विचारलं नाही. बाहेर ऐकून घेतलेलं घरी तरी पुन्हा निघायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. पुढे तीच सवय पडली. मूल झालं नाही, तेही दोघांनी न बोलताच पचवलं. शनिवारी ती त्याचा काळा शर्ट इस्त्री करायची. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तो बॅग उचलून निघायचा, तो अंधार पडता पडता यायचा. कोण जिंकलं विचारलं तर "पाहुणे" म्हणायचा आणि ताटावर बसायचा. शर्टाची कधीकधी घडीसुद्धा मोडलेली नसे. शेजारणी नवऱ्यांच्या कपड्यांच्या नावाने बोटं मोडायच्या, तेव्हा तिला मनातून बरं वाटायचं.

रविवारची दुपार मात्र सरता सरत नसे. ती बाहेरच्या खोलीत रेडिओ लावायची आणि स्वतः आत जाऊन बसायची. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं.

"एकदा तरी ह्यांना टाळ्या मिळू देत," ती म्हणाली.

फादरनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "दाराबाहेर माझी शिट्टी चालत नाही, बाई."

टाळ्या वाजवणार कोण, हा प्रश्न तिला घरी आल्यावर पडला. भावाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, ताई, लोक काय म्हणतील. शेजारणीला सांगायचा धीर झाला नाही. शेवटी आपणच सुरुवात करायची, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकांवर मोजकी माणसं होती. मिस्सा सुरू होता होता मागे पावलं वाजली. तिने वळून पाहिलं. तांबड्या ट्रॅकसूटमधले दहा-बारा पुरुष शेवटच्या बाकावर दाटीवाटीने बसत होते. काही तरणे, काही केस पिकलेले. खेळाडू. मेल्यावर तरी सोडा ह्यांना, ती मनात म्हणाली.

पण त्यांनी काही वावगं केलं नाही. पुढच्यांकडे बघून ते उठत होते, बसत होते, प्रत्येक वेळी जरा उशिराच. फादरनी पत्नीला धीर मिळावा म्हणून प्रार्थना केली, तेव्हा तेवढी त्यांच्यात कुजबुज झाली. शेवटी पेटी उचलायची वेळ आली, तर त्यांच्यातलेच सहाजण न सांगता पुढे आले.

पेटी दाराबाहेर गेली. तिने हात वर केले. तळवे समोरासमोर आले आणि तिथेच थांबले. इतक्या वर्षांत आपण ह्यांच्या कुठल्याच गोष्टीला वा म्हटलं नाही, हे तिला त्या क्षणी जाणवलं, आणि हात जुळेनात.

तेवढ्यात मागून टाळी पडली. मग दुसरी. मग ट्रॅकसूटवाले सगळेच वाजवायला लागले, जोरात, एका ठेक्यात. शेजारणीने हातातली पिशवी भिंतीशी ठेवली आणि तीही वाजवू लागली. भावाने इकडेतिकडे पाहिलं, मग त्यानेही. फादर दारात खाली बघत उभे होते, पण आत गेले नाहीत. गाडीचं दार बंद होईपर्यंत टाळ्या थांबल्या नाहीत. तो गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली.

डोळे पुसून ती त्यांच्यातल्या सगळ्यात थोराड माणसाकडे गेली. तो संघाचा कॅप्टन होता.

"इतकी वर्षं ह्यांच्या शिट्टीवर खेळलात," ती म्हणाली, "आणि मनात काही ठेवलं नाहीत. फार उपकार झाले."

तो गोंधळला. "शिट्टी? काका कुठे शिट्टी वाजवायचे?"

"दर रविवारी जायचे ना," ती म्हणाली.

"आमचा संघ सगळ्यात खालच्या गटातला," तो म्हणाला. "आमची मॅच बघायला आमच्या घरचेसुद्धा येत नाहीत. मी पोरगा होतो तेव्हापासून काका दर रविवारी कठड्याशी एकटे उभे असायचे. आम्ही हरलो तरी टाळ्या वाजवायचे, शेवटचा माणूस आत जाईपर्यंत. आज तेवढंच परत केलं." तो घुटमळला. "रागावू नका, पण मघाशी फादर पत्नी म्हणाले, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. काका तर नेहमी सांगायचे, घरी वाट बघणारं कुणी नाही."