वीस बाय दहा

मी साहेबांच्या सभांचे मांडव घालतो. सभा उठली की स्टेजमागचा फ्लेक्स मांडववाल्याने घरी न्यायचा, हा आमच्यातला जुना रिवाज. आणि प्रगतीचा आकडा जितका मोठा, तितका फ्लेक्स मोठा. त्यामुळे देशाच्या प्रगतीवर आमच्या घराइतका डोळा कुणीच ठेवून नसेल.

"यंदा नऊ टक्के," मी दारातूनच सांगितलं. "वीस बाय दहा."

बायकोने पिठाचे हात तसेच गालांना लावले. गुडघे धरून बसणारी आई खाटेवरून टुणकन उतरली. मी आणि मेहुण्याने छपरावर चढून फ्लेक्स ताणून बांधला, दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं, तर खाली टिपूस नाही. गळतीमुळे चार वर्षं भिंतीला चिकटलेली आईची खाट आम्ही वाजतगाजत खोलीच्या मधोमध आणली. पोरीने गल्लीत उभं राहून छपरावरची हातभर मोठी अक्षरं सगळ्यांना वाचून दाखवली, "गरिबी कायमची संपली."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. बायको तेवढी न्हाणीघराच्या दारात उभी राहून वरचं उघडं आभाळ न्याहाळत होती.



"साहेबांना म्हणावं, पुढच्या वर्षी आणखी एकदा संपवा. न्हाणीघर राहिलंय."