पाद्रीबाबांच्या टकलावर अक्षता

वडनेरचे उकंडराव तरुणपणी पत्ता चुकून भलत्याच लग्नात शिरले, तेही चर्चमध्ये. सगळ्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले, तेव्हा मंगलाष्टकं झाली समजून त्यांनी मूठभर अक्षता फेकल्या. त्या थेट पाद्रीबाबांच्या टकलावर!

"कोण आहे हा? बाहेर काढा!" पुढच्या बाकावरचे साहेब ओरडले. उकंडराव दाराकडं पळाले.

"थांबा जी भाऊ," पाद्रीबाबा म्हणाले, "काऊन पळून राह्यले? उरल्या असतील त मले द्या. साहेबाले पोचल्याच नाई."

आज पाद्रीबाबा नाहीत. त्यांच्या नातीच्या लग्नात, या वेळी रीतसर बोलावणं आलेले म्हातारे उकंडराव अक्षता खिशातच ठेवून शहाण्यासारखे बसले. प्रार्थना संपली, तरी लग्न पुढं सरकेना.

नवरी मागं वळली. "आबा, टाका ना! नवे पाद्री कवापासून डोकं वाकवून उभे हायेत."