सुकतीपुरती दोरी

“कांदळाच्या मुळांत नीट बघ गो,” गंगाराम होडीच्या मागच्या टोकावरून म्हणाला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून वल्हवायचं त्याने आणि बघायचं सुनेने.

रुपाली बघत होती. कालपासून केळशीच्या सगळ्या होड्या खाडीच्या मुखाशी तिच्या नवऱ्याला, मितेशला शोधत होत्या. हे दोघे तेवढे मागे, कांदळवनातल्या चिंचोळ्या ओहळांत.

पुनवेचं पाणी तुडुंब भरून उतरायला लागलं, तेव्हाच मितेश निघाला होता. पर्यटकांसाठी आणलेली लाल कयाक, एकट्याने वल्हवायची होडी, घेऊन. अंगात जाकीट नाही, सोबत पाण्याची बाटली नाही, मोबाईल घरी, चपला धक्क्यावर. वळणापर्यंत लोकांनी पाहिला, मग नाही.

“मुंबैवाल्यानं असं केलं असतं तर समजलो असतो,” गंगाराम पुटपुटला. “होडी बांधताना सुकतीपुरती दोरी सैल सोडायची, नायतर पाणी उतरलं की होडी लटकते, हे याला लहानपणी शिकवलं. आणि तोच सुकतीची समुद्राकडची ओढ विसरला?”

रुपालीला वेगळंच आठवत होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी मितेश लग्नातले बूट पुसत बसला होता. “बूट घालून खाडीत उतरणार काय?” असं म्हणून ती हसली होती.

“पाय भिजायला नकोत,” तो म्हणाला होता.

तेवढं शेवटचं हसू. आता घरी धोंडूबाई लेकाच्या चपला उराशी धरून बसली होती, आणि इथे सून मनातल्या मनात एकच ओवी घोळवत होती:

*खाडीबाई गं माझे आई, तुझ्या पदरी माझा चुडा,*
*जिता असंल धनी माझा, एक खूण तरी धाड.*

खूण म्हणजे खूणच. ती मिळाली, तर वर्षभर अनवाणी चालायचा नवस ती बोलली होती.

पुढे ओहळ अरुंद झाला. होडी शिरेना. रुपाली कमरेएवढ्या पाण्यात उतरली, फांद्या बाजूला सारत आत गेली.

लाल कयाक तिथे होती. सुलटी, आतून कोरडी. वल्हं नीट आडवं ठेवलेलं. दोरी कांदळाच्या बुंध्याला बांधलेली, सुकतीपुरती सैल. पलीकडे बांधाच्या ओल्या मातीवर बुटांचे ठसे, डांबरी रस्त्याकडे गेलेले. सावकाश चालत गेलेल्या माणसाचे.

“काय दिसतंय गो?” बाहेरून म्हातारा ओरडला.

रुपालीने ठसे ओळखले: लग्नातलेच बूट. मग तिने गाठ सोडली. वल्हं पाण्यात फेकलं. बांधावर चढून एकेक ठसा तळपायाने सारवला, जमीन सारवतात तसा.

खाली येऊन तिने कयाक पालथी घातली, प्रवाहात लोटली, आणि हातातला हिरवा चुडा कांदळाच्या खोडावर आपटला.

“कयाक गावली, मामंजी,” ती म्हणाली. “उपडी.”