लिफ्ट बंद आहे

"अहो, लिफ्ट बंद आहे," जिन्यापाशी थांबून बायको म्हणाली.

"माहितीये. मीच केलीये."

तो लिफ्ट इन्स्पेक्टर होता. परवा तपासणीचं रक्त द्यायला दोघं याच लिफ्टनं चौथ्या मजल्यावरच्या दवाखान्यात गेले होते. तेव्हा आत टांगलेल्या चौकटीतली तपासणीची तारीख त्याच्या नजरेला पडली. तीन वर्षांपूर्वीची! त्याचं डोकं जे फिरलं, ते काल दुपारी येऊन लिफ्टच्या मुख्य बटणाला कुलूप ठोकून किल्ली खिशात टाकली, तेव्हाच जागेवर आलं.

"चांगली चालत होती की."

"चालतेय म्हणजे ठीक आहे, असं नसतं गं. दोर आतून झिजतो. वरून कळत नाही. वर्षातून एकदा बघायलाच पाहिजे."

"मी तुम्हाला दुसरं काय सांगते?"

"मी लिफ्ट आहे?"

यावर बायकोकडे उत्तर होतं, पण तिनं ते जिन्यासाठी राखून ठेवलं.

त्याचा थोरला भाऊ चहा पिता पिता गेला होता. धडधाकट माणूस, अर्धा कप तसाच राहिला. तेव्हापासून बायको दर वर्षी याला तपासणीला ओढून आणायची, आणि दर वर्षी निघायचं काय, तर काही नाही. यंदा त्यानं अट घातली होती. आज निकाल चोख आला, तर हा तमाशा कायमचा बंद. आणि काही निघालंच, तर ती म्हणेल ते मुकाट्यानं ऐकायचं. बायकोनं अट मान्य केली होती आणि रात्रभर जागी होती.

पहिल्या वळणावर तिनं त्याची बाही धरली. "थांबा जरा. दमला असाल."

"मी? मी रोज शिडीनं लिफ्टच्या माथ्यावर चढतो! मला काय धाड भरलीये?"

"तुमच्या भावालाही काही झालं नव्हतं. थांबा."

तो थांबला, पण बसला नाही. स्वतःचा तेवढा मान त्यानं राखला. बायकोच पायरीवर टेकली आणि चपलांचे पट्टे सैल करत बसली. नव्या चपला चावत होत्या. हल्ली तिला सगळ्याच चपला चावायच्या. दोन जोड दुकानदाराशी भांडून परत केले होते.

दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. तिसऱ्यावरही. वरून एक गृहस्थ कठड्याला धरून उतरत होते.

"कुठल्या गाढवानं लिफ्ट बंद केलीये हो?"

"असतात एकेक," बायको म्हणाली. तिला हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. तो संपेपर्यंत इन्स्पेक्टर भिंतीकडे बघत उभा राहिला. गाढव म्हणवून घेण्यासाठी त्यानं कायदा पाळला नव्हता.

डॉक्टरबाई तरुण होत्या. बायकोला बाहेरच्या बाकावर बसवून तो एकटाच आत गेला. अशा वेळी साक्षीदार नकोत.

"सगळं उत्तम आहे," कागद चाळून डॉक्टरबाई म्हणाल्या. "रक्त, साखर, हृदय. काहीही नाही."

विजय एवढ्या पटकन मिळाला की तो पुरवून कसा वापरायचा, ते त्याला सुचेना. मग एकदम बांध फुटला.

"हे तिला सांगा! छळ मांडलाय हो नुसता. मी घोरतो म्हणे. माझ्या घोरण्यानं हिला आडवं पडवत नाही! चार-चार उशा रचते आणि बसून झोपते, महाराणीसारखी!"

सही करायला उचललेलं पेन डॉक्टरबाईंनी खाली ठेवलं.

"आडव्या झाल्या तर काय होतं?"

"खोकते. मुद्दाम. मला जागं करायला."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. आणि आता जिन्यात? प्रत्येक वळणावर मला थांबवते. लोकांदेखत! मी बसत नाही म्हटल्यावर स्वतःच बसते, मला लाजवायला."

"आज किती वेळा बसल्या?"

"प्रत्येक वळणावर, म्हटलं ना!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याची बाजू नीट ऐकून घेत होतं. त्याला भरून आलं.

"त्यांना आत बोलवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यानं मोठ्या उत्साहानं दार उघडलं. "चल. बाईंना तुझ्याशी बोलायचंय."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. "काय निघालं यांना?"

"यांना काही नाही. तुम्ही बसा."

"ऐकलंस?" तो म्हणाला. "काही नाही! संपला तमाशा!"

बायकोनं डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात डॉक्टरबाई खाली वाकल्या. त्यांनी तिच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि काढून घेतला. तिथे खळगा पडला, तो तसाच राहिला.

"अहो, मला काय धाड भरलीये? चपला चावतात नुसत्या."

डॉक्टरबाई तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"तुम्ही याआधी तपासणीला कधी आला होतात?"

"दर वर्षी येते की," बायको म्हणाली. "यांना घेऊन."

डॉक्टरबाईंनी फोन उचलला. "अँब्युलन्स पाठवा. लगेच. हृदयाचा पेशंट आहे. चौथा मजला. नाही, जिन्यानं नाही. एक पायरीसुद्धा उतरू द्यायची नाही."

मग फोनवर हात ठेवून त्या त्याच्याकडे वळल्या.

"ही लिफ्ट कुणी बंद केलीये, काही कल्पना आहे तुम्हाला?"