सुकाणूजवळची फळी

जुनी होडी घेताना रंगावर जाऊ नये, असं बाबा म्हणायचे. आता त्यांना रंग दिसतच नाही. जन्मभर होड्या बांधलेल्या या सुताराला मी हाताला धरून नेलं. “नवीकोरीच समजा, काका,” विकणारा म्हणाला. बाबा लाकडाला कान लावून हातोडीने एकेक फळी वाजवत पुढे सरकू लागले. आवाज खणखणीत येत होता. सुकाणूपाशी आवाज बसका झाला. बाबांनी टोचा टेकवला आणि तो चकचकीत रंगातून मुठीपर्यंत आत गेला. विकणाऱ्याचा चेहरा उतरला. “चला बाबा,” मी म्हणाले. ते हलेनात. “घे ही. बाकी फळ्या माझ्या वडिलांनी बसवल्यात, त्यांना मरण नाही.” “आणि ही?” “ही मी बसवली. घाईत, ओल्या लाकडाची. त्यांनी तेव्हाच वाजवून पाहिली होती. म्हणाले, ‘राहू दे, कधीतरी तुझी तुलाच सापडेल.’”